दोन निळ्या खुणा

४ ऑक्टोबर

अनुदान मंजूर झाले. अर्ज मी लिहिला होता आणि सही आसावरीताईंची होती, त्यामुळे अभिनंदनाचे फोन योग्य ठिकाणी, म्हणजे त्यांना आले. मला चहा मिळाला.

मंजुरीपत्रात म्हटले आहे की प्रकल्पकाळात 'शिकलेल्या गोष्टींची नोंद' ठेवावी. ती ठेवू. तिच्यात सगळे रोज काहीतरी शिकतील आणि कोणाचे काही चुकणार नाही. ही दैनंदिनी वेगळी. ही मी, बद्रुद्दीन परकार, माझ्यापुरती लिहितो आहे. खरे काय झाले ते कुठेतरी शुद्ध मराठीत असावे म्हणून.

कर्जतला कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, बंद पडलेल्या भातगिरणीच्या दोन खोल्यांत आमचे 'सोबती कायदा मदत केंद्र' आहे. घराची, वारसाची, पोटगीची भांडणे असलेली आणि वकील न परवडणारी माणसे इथे येतात. खटले अ‍ॅडव्होकेट आसावरीताई ओगले चालवतात. माणसे इंदूबाई आणतात. बाकी जे काही नीट होते ते मी करतो.

मी नववीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलावर. वकिलांचे दावे टाइप करता करता कायदा शिकलो आणि त्यांच्या चुका दुरुस्त करता करता वकील ओळखायला शिकलो. संगणकही पुस्तक आणून माझा मीच शिकलो. हे सगळे अर्जात 'अनुभवी कार्यालय व्यवस्थापक' या तीन शब्दांत बसवले. नम्रता माझ्या अंगात उपजतच आहे.

पैसे फक्त 'सुविधा आणि तंत्रज्ञान' यांवर खर्च करायचे आहेत. इंदूबाईंचे मानधन त्यातून वाढवता येईल का, असे आम्ही विचारले होते. नाही, असे उत्तर आले. म्हणजे माणूस ही सुविधा नाही आणि तंत्रज्ञानही नाही, हे आता लेखी झाले.

९ ऑक्टोबर

अनुदान देणाऱ्या फाउंडेशनचे अनुपम पाहणीला आले. वय तिशीच्या आत, बूट पांढरे. नेरळला नव्या संकुलात त्यांच्या वडिलांचा फ्लॅट आहे, त्यामुळे ग्रामीण वास्तव त्यांना आतून माहीत आहे. हे त्यांनीच सांगितले.

इंदूबाई बाहेर ओट्यावर होत्या. गिरणी चालू होती तेव्हा भाताची पोती उतरवायला बांधलेला हा दगडी ओटा. त्याच्यावर पाचसहा बायकांच्या घोळक्यात बसून त्या कोणाची तरी मेथी निवडून देत होत्या. या बाई काम कधी सुरू करतात, असे अनुपम यांनी विचारले. ताई म्हणाल्या, "सुरूच आहे."

मग त्यांनी विचारले, पक्षकारांना तारीख कशी कळवता. मी उत्तर देणार तेवढ्यात इंदूबाईंनी दिले. "कशेल्याच्या बाजारात सुक्या मासलीवाली हाय. ती वाडीवाडीनं फिरते. तिच्या कानात सांगते मी. ती त्या बाईच्या कानात सांगते."

कायदा मदत केंद्राचे अधिकृत संदेशवहन सुकटीच्या पाटीतून चालते, हे अनुपम यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतले. मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

६ नोव्हेंबर

ओटा तोडला. त्या जागी काचेचा स्वागतकक्ष. कुंभिवलीच्या फॅब्रिकेटरने काच बसवली. दाराची मूठ किंचित तिरकी होती, ती मी त्याला काढून पुन्हा बसवायला लावली. तो म्हणाला, कोणाच्या लक्षात येणार नाही. मी म्हटले, माझ्या येईल. ओट्याचे दगड बाजूच्या भिंतीला रचून ठेवले आहेत.

इंदूबाईंनी विचारले, बाया बसतील कुठे. मी स्टीलच्या जोडखुर्च्या दाखवल्या. विमानतळावर असतात तशा. त्या एका खुर्चीवर बसून उठल्या.

"थंड हाय. आनि बद्रूभाय, हितं एकमेकीकडं तोंड करून बसायचं कसं?"

सगळ्या खुर्च्या यंत्राकडे तोंड करून आहेत, आणि तसेच अभिप्रेत आहे, हे मी त्यांना समजावले. त्यांना पटले असावे. त्या बाहेर निघून गेल्या.

२४ नोव्हेंबर

नोंदणीयंत्र सुरू झाले. माणसाच्या उंचीचे आहे, पडद्याला बोट लावायचे, ते मराठीत बोलते. कंपनीने भरलेली वाक्ये भयंकर होती. 'आपण आपली समस्या निवडा करा.' मी सगळी बदलून पाठवली. आता कर्जत तालुक्यात इतके शुद्ध बोलणारे तेच. माझ्यानंतर.

जुन्या पक्षकारांचीही पुन्हा नोंद करायची आहे. पहिल्या आल्या चंद्राबाई. कशेळ्याच्या पुढची एक वाडी. नवरा वारला, घर त्याच्या नावावर. दीर गजानन, ज्याला सगळे गजा म्हणतात, तो त्याच घराच्या पुढच्या भागात राहतो आणि ही मागच्या. गजाने अख्खे घर जागेसकट मुंबईच्या एका फार्महाऊसवाल्याला विकायचे ठरवले आहे. कोर्टात त्याने लेखी म्हणणे दिले आहे की वहिनी माहेरी राहते, इथे तिचे काही नाही, एक पावतीसुद्धा तिच्या नावाची नाही. त्याने घर विकू नये आणि हिला बाहेर काढू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम आम्ही मागितला आहे. तो मिळाला नाही तर बाईला पाठ टेकायला जागा नाही.

यंत्राने नाव विचारले, गाव विचारले. मोबाइल नंबर विचारला. चंद्राबाईंनी माझ्याकडे बघितले. नंबर भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

"माज्याकडं नाय फोन," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, घरातला कोणाचाही चालेल.

"घरात एकच हाय. पन त्यो..."

मी म्हटले, एकच असेल तर प्रश्नच मिटला. नंबर रेशनकार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला होता, तो मीच भरला. पुढचा प्रश्न: नंबर कोणाचा? स्वतःचा, कुटुंबातील, शेजाऱ्याचा. 'कुटुंबातील' यावर बोट ठेवायला त्यांना मी मदत केली. खात्रीसाठी फोनवर आकडा पाठवायची सोय यंत्रात आहे. फोन सोबत नसलेल्या माणसाची अडचण नको म्हणून ती मी बंद ठेवली. यंत्रातही माणुसकी आणता येते, आणणारा हवा.

इंदूबाई त्या वेळी नव्हत्या. कशेळ्याला गेल्या होत्या. हल्ली वारंवार जातात.

२८ नोव्हेंबर

आजपासून संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर. ताईंचे म्हणणे होते, 'केंद्रात येऊन भेटावे' एवढेच पाठवा. मी म्हटले, अर्धवट संदेश हा पक्षकाराचा अपमान आहे. माणसाला सगळे एकदाच आणि नीट कळले पाहिजे. ताईंना त्या दिवशी कोर्टात पोचायचे होते, त्या बरं म्हणाल्या.

चंद्राबाईंना पाठवलेला संदेश इथे उतरवतो, कारण तो चांगला झाला आहे:

'आपल्या मनाई अर्जावर ५ जानेवारी रोजी सुनावणी आहे. घरपट्टीच्या आपल्या नावाच्या मूळ पावत्या (आपण सांगितल्याप्रमाणे मागील खोलीत कणगीमागे ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात आहेत) सोबत आणाव्यात. आपण त्या घरात राहता असे शपथपत्र आपले शेजारी पोशा हे देणार असून त्यांनी २० डिसेंबर रोजी केंद्रात यावे.'

कंसातली जागा बाईंनीच मला पूर्वी सांगितली होती. लोक ऐन वेळी कुठे ठेवले ते विसरतात.

पाठवताच दोन निळ्या खुणा उमटल्या. पोचला आणि वाचला. मासळीवालीच्या पाटीला अशा खुणा उमटत नाहीत.

त्या नंबरावर चित्र आहे शर्यतीच्या बैलजोडीचे. शेतकरी घराला साजेसे.

११ डिसेंबर

चंद्राबाईंचे उत्तर आले. 'पावत्या किती सालापासूनच्या लागतील सर?' काय नेमका प्रश्न आहे! बाईंना लिहिता येत नाही, तेव्हा घरातले कोणी शिकलेले लिहून देत असणार. मी सविस्तर कळवले: पती वारल्यापासूनच्या सर्व, कारण विरुद्ध पक्ष म्हणतो की आपण तिथे राहतच नाही, आणि ते खोटे ठरवणारा तेवढाच कागद आपल्याकडे आहे.

उत्तर: 'धन्यवाद सर.'

इतक्या वर्षांत केंद्राचे लेखी आभार मानणारा हा पहिला पक्षकार. ताईंना दाखवले. त्या फोनवर बोलत होत्या, मान हलवली.

२२ डिसेंबर

पोशा आला नाही. त्याला म्हणे खालापूरकडे एका फार्महाऊसवर रखवालदाराची नोकरी लागली, अचानक. रोजगार मिळाला, आनंद आहे. पण कळवायची पद्धत असते. खेड्यातल्या माणसाला शिस्त कोणी लावायची?

फाउंडेशनला तिमाही अहवाल पाठवला. संदेश पोचण्याचे प्रमाण शंभर टक्के. स्वागतकक्षातील गर्दी पुष्कळच घटली. आज दिवसभरात मी आणि यंत्र. अनुपम यांनी अंगठा पाठवला.

घरी हमिदाला 'धन्यवाद सर' दाखवले. बायकोने नवऱ्याचे कौतुक करायला हरकत नसते. तिने विचारले, त्या बाईच्या घरात लिहितं कोण? मी म्हटले, कोण लिहितो याला महत्त्व नाही, शुद्ध लिहितो याला आहे. ती भाकरी थापत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "घरात तर ती आणि तिचा दीर, असंच म्हणाला होतात ना तुम्ही?" मी म्हटले, तू भाकरीकडे बघ, जळते आहे.

जळत नव्हती.

५ जानेवारी

कोर्टात गेलो. चंद्राबाई आल्या ते रिकामा डबा घेऊन. सुनावणी आज आहे हे त्यांना इंदूबाईंच्या मासळीवालीकडून कळले. डबा कणगीमागेच होता, झाकण लावलेले होते, आत पावत्या नव्हत्या. बाई डबा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, मिठाई आणल्यासारखा. गजाच्या वकिलाने सांगितले, आमचे म्हणणे पहिल्यापासून हेच आहे: पावती नाही, साक्षीदार नाही. त्यांना फार बोलावे लागले नाही. ताईंनी मुदत मागितली. कोर्टाने शेवटची संधी म्हणून १६ तारीख दिली.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तारीख ताजी असतानाच कळवावी, ही माझी पद्धत. तिथेच फोन काढला, 'पुढील व अंतिम सुनावणी १६ जानेवारी' असे लिहिले आणि पाठवले.

समोरच्या बाकावर गजा बसला होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने काढला, वाचला, आणि माझ्याकडे बघून हात वर केला. अगदी अदबीने.

"आलं साहेब," तो म्हणाला.

मग अंगठ्याने काहीतरी लिहिले. माझा फोन वाजला. बैलजोडीखाली आले होते: धन्यवाद सर.

६ जानेवारी

आज लिहिण्यासारखे काही नाही.

८ जानेवारी

इंदूबाई केंद्रात फिरकल्या नव्हत्या, म्हणून मीच कशेळ्याला गेलो. बाजाराचा दिवस. जीपमधून उतरलो आणि सुक्या मासळीच्या वासाच्या दिशेने चालत गेलो. पत्ता विचारायची गरज पडली नाही.

मासळीवालीच्या मागे, ताडपत्रीच्या सावलीत इंदूबाई पोत्यावर बसल्या होत्या. आणि त्यांच्याभोवती आमची घटलेली गर्दी. सगळीच्या सगळी. पोटगीवाल्या, वारसनोंदवाल्या, एकीच्या मांडीवर पोर, दुसरीच्या मांडीवर कोंबडी. एकमेकींकडे तोंड करून. मी फाउंडेशनला 'पुष्कळच घटली' म्हणून कळवले होते ते हेच.

मला बघून बायकांनी पदर सावरले. माझ्या हातात यंत्र आहे की काय, असे बघत होत्या.

इंदूबाईंना बाजूला घेऊन सगळे सांगितले. संदेश, कंसातला डबा, पोशाचे नाव, व्हरांडा. मला वाटले त्या ओरडतील. त्यांनी बोंबलाच्या जुडीवरची माशी हाकलली.

"नंबर कोनाचा म्हून इचारलं नाय तुमी?"

मी म्हटले, विचारले होते. यंत्राने विचारले, त्यांनी 'कुटुंबातील' सांगितले.

"मग बरोबर सांगितलं की तिनं. भांडान ज्याच्याशी हाय त्योच घरातला. भायेरच्याशी भांडान असतं तर ती आपल्याकडं आली असती कशाला? घरातलेच उभे ऱ्हायले असते तिच्या बाजूनं."

मी म्हटले, तुम्ही काय विचारता मग?

"मी पयलं इचारते, निरोप कोनाकडं द्यायचा. नाव नंतर. नाव काय, रेशनकार्डावर असतंच."

इतके दिवस ओट्यावर बसून त्या हे विचारत होत्या आणि मी आतून मेथीच्या काड्या मोजत होतो. अर्थात, हे त्यांनी लेखी कार्यपद्धतीत घालायला हवे होते. मला कोणी काही लेखी देत नाही.

९ जानेवारी

ताईंना सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो पुन्हा लावला नाही. सही माझी असते, एवढेच पुटपुटल्या.

मग त्यांच्यातला वकील जागा झाला. गजाने कोर्टात शपथेवर सांगितले आहे की पावत्या नाहीतच, कधी नव्हत्याच. आणि हाच माणूस वहिनी बनून आपल्याला विचारतो, पावत्या किती सालापासूनच्या लागतील. नसलेल्या पावत्यांची साले कोण विचारतो? हे संदेश कोर्टापुढे ठेवता येतील. पण त्याचा नंबर आपल्याकडे वहिनीचा म्हणून कसा आला, हे कोणीतरी शपथपत्रावर सांगावे लागेल.

"तांत्रिक त्रुटी असं लिहिता येईल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "फाउंडेशनलाही ते बरं. तुम्हालाही."

तांत्रिक त्रुटी म्हणजे जिला बाप नाही अशी चूक. मला ते वाक्य फार आवडले. घरी जाईपर्यंत आवडत होते. हमिदाला सांगितले. ती म्हणाली, छान आहे, पण यंत्राला शपथ घेता येते का?

१२ जानेवारी

संदेश चंद्राबाईंचे आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी होते. त्यांच्या परवानगीशिवाय ते कोर्टापुढे ठेवता येत नाहीत. इंदूबाई त्यांना घेऊन आल्या. मी आजवर पाठवलेला प्रत्येक संदेश त्यांना वाचून दाखवला, विरामचिन्हांसकट. बाई स्टीलच्या खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. कंसातल्या डब्यापाशी मी मध्येच पाणी प्यालो. हवा कोरडी आहे.

"येवढं सगलं माज्यासाटी लिवलं व्हतं?" त्यांनी विचारले.

मी होय म्हटले.

"चांगलं लिवलंय." त्या म्हणाल्या. "मला कोनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

परवानगीच्या कागदावर अंगठा उठवला. शाई पुसायला मी माझा रुमाल दिला. त्यांनी तो घेतला नाही, पदराला पुसली.

१५ जानेवारी

शपथपत्र मीच लिहिले. ताईंचा मसुदा होता. त्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. तो काढला. अनवधान कसले? मी पूर्ण अवधानाने ते केले. लिहिले: 'सदर नंबर कोणाचा आहे याची चौकशी मी केली नाही. पक्षकार बोलत असताना मी त्यांना मध्येच थांबवले. यंत्रातील खात्रीची सोय मी स्वतः बंद ठेवली होती.' तीन वाक्ये, एकही शब्द जास्त नाही. आजवर टाइप केलेल्या शपथपत्रांत इतके स्वच्छ दुसरे नाही. दुर्दैवाने ते माझे आहे.

ताईंनी वाचून विचारले, खरंच असंच द्यायचं? परकार, कोर्टातले सगळे तुम्हाला ओळखतात.

म्हणूनच, मी म्हटले. दुसऱ्या कोणाच्या नावावर गेले असते तर भाषेवरून माझे आहे हे कळलेच असते.

१६ जानेवारी

टायपिंगच्या टेबलावरचे जुने सोबती मुद्दाम आत येऊन बसले होते. पूर्वी त्यांच्या अर्जांतल्या चुका मी काढायचो. त्यांचा आनंद समजण्यासारखा होता.

न्यायाधीशांनी संदेश वाचले. गजाच्या वकिलांनी सांगितले की आमच्या अशिलाने सौजन्य म्हणून उत्तरे दिली. कोर्टाने विचारले, वहिनीच्या नावाने? वकील कागद चाळू लागले. बाकावरच्या गजाने फोन खिशात घातला.

मग मला उभे केले.

"डबा कुठे ठेवला आहे, हे संदेशात लिहायचं कारण काय?"

मी म्हटले, "संदिग्धता राहू नये म्हणून, साहेब."

सगळे हसले. न्यायाधीशांनाही हसू आले, पण त्यांना ते गिळावे लागते. चंद्राबाई हसल्या नाहीत. डबा त्यांनी आजही आणला होता, का ते माहीत नाही.

२२ जानेवारी

हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत गजाने घर विकायचे नाही आणि चंद्राबाईंना बाहेर काढायचे नाही. पावत्यांच्या नकला ग्रामपंचायतीकडून मागवायच्या आहेत. पोशा अजून रखवाली करतो आहे. म्हणजे सगळे जिंकलेले नाही. छप्पर तूर्त जागेवर आहे.

हुकूम हातात पडल्यावर मी सवयीने फोन काढला. इंदूबाईंनी नुसते बघितले. ठेवून दिला.

त्या आधीच जीपकडे निघाल्या होत्या. बाजार होता.

१२ फेब्रुवारी

अनुपम अंतिम पाहणीला आले. बूट तेच, आणखी पांढरे. मी ठरवून त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले. अनुदान परत मागितले तर मागू देत, ही तयारी ठेवून.

त्यांनी फार लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाले, "सर, पण ही तर जबरदस्त यशोगाथा आहे. डिजिटल पुराव्यामुळे विधवेचं घर वाचलं."

मी म्हटले, डिजिटल मूर्खपणामुळे ते जायची वेळ आली होती.

"हो, तो प्रवास पण घेऊ आपण."

आता शिकलेल्या गोष्टींच्या नोंदीत लिहिले जाईल की नंबराच्या रकान्यात आणखी एक पर्याय हवा. आणि आम्हाला दुसऱ्या टप्प्याचा अर्ज करायला सांगितले आहे. मला वाटले होते शिक्षा होईल. बढती झाली.

ताईंनी विचारले, दुसऱ्या टप्प्यात काय मागायचं? मी मागणी लिहूनच ठेवली होती: 'दगडी बांधणीचा खुला संवादमंच, उंची गुडघ्याइतकी, आसनव्यवस्था परस्परसन्मुख.' आणि कार्यक्षेत्रात फिरते संदेशवहन, ज्यात संदेश केवळ संबंधित व्यक्तीच्या कानापर्यंत पोचेल. अनुपम यांना दोन्ही कल्पना अतिशय अभिनव वाटल्या. मंचाला वायफाय असेल का, एवढीच त्यांची शंका होती.

इंदूबाईंनी वाचून घेतले. "ओटा म्हना की," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, ओट्याला अनुदान मिळत नाही.

त्यांच्या मानधनाबद्दलही पुन्हा विचारले. माणूस अजूनही सुविधेत बसत नाही.

१८ फेब्रुवारी

दुपारी चंद्राबाई आल्या. मुख्य दाव्याची पहिली तारीख लागली आहे. इंदूबाई कशेळ्याला, ताई कोर्टात. स्वागतकक्षात यंत्र 'आपले स्वागत आहे' म्हणाले, माझ्याच शुद्ध मराठीत. बाई दारातच थबकल्या.

मी भिंतीशी जाऊन यंत्राची वायर उपटली.

बाहेर भिंतीला ओट्याचे दगड रचलेले आहेत. त्यातले दोन सपाट बघून खाली मांडले, एकमेकांसमोर. एक हलत होता, त्याच्याखाली खापरी घालून तो नीट बसवला. मग बाई एकावर बसल्या, मी दुसऱ्यावर. माझ्या पँटची वाट लागली. बाजारात भाजीचा भाव काय, पोशाच्या बायकोचे काय चालले आहे, असे थोडे बोललो. मला ते जमत नाही. बाईंच्या ते लक्षात आले असावे, कारण त्यांनीच मध्ये मध्ये मदत केली.

मग मी विचारले. नाव नाही, गाव नाही, नंबर नाही.

"चंद्राबाई, निरोप कोणाकडं द्यायचा?"

त्यांनी मला नीट बघून घेतले.

"इंदूबाईकडं द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं नको."

जसेच्या तसे नोंदवून घेतले.